‘नॉर्मल’ रिपोर्ट आणि निखळलेली वाटी

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात पोलीस भरतीची तयारी करणारं पोरगं किंवा पोरगी आहे, त्यांनी तर वाचाच.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पत्रकारितेची पदविका आणि वीस-बावीस वर्षांची वार्ताहरकी, एवढीच माझी पात्रता. पण गेल्या वर्षभरात एका गुडघ्यापायी जेवढं वाचलं, विचारलं आणि फिरलो, तेवढं कुठल्या निवडणुकीसाठीही फिरलो नव्हतो. आणि ह्या सगळ्या प्रकरणात पहिला गुन्हेगार मीच आहे. कसा, ते सांगतो.

माझा भाचा. सेनगाव तालुक्यातलं गाव, वय २३, घरी चार एकर कोरडवाहू. हिंगोलीत खोली करून भरतीची तयारी करतो. इथल्या लोकांना सांगायला नको, पहाटे पाचला कोणत्याही मैदानावर जा, अंधारात शे-दोनशे पोरं पळताना दिसतील. हिंगोलीत राज्य राखीव दलाचा गट क्रमांक १२ आहे, त्यामुळे खाकीचं वेड इथल्या पोरांना लहानपणापासूनच. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की पैकीच्या पैकी २० गुण. त्या दहा सेकंदांसाठी ही पोरं दोन-दोन वर्षं झिजतात.

गेल्या हिवाळ्यात गावच्या कबड्डीत चढाईला गेला. पाय मातीत रुतलेला, अंग वळलं, गुडघा आत गेला. त्याच्याच शब्दांत सांगतो, "मामा, वाटी अशी भायेरच्या अंगाला गेली. मी डोळ्यानं पायली. पाय लांब केला तं खट्‌कन जागेवर आली."

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं निदान ह्या एका वाक्यात होतं. पुढचे चार महिने हे वाक्य कोणीही विचारलं नाही. मी सुद्धा नाही.

गुडघा भोपळ्यासारखा सुजला. एका दवाखान्यात नेलं. समोरून एक एक्स-रे निघाला. "हाड मोडलेलं नाही." गोळ्या, क्रेप बँडेज, आठ दिवस आराम. सूज उतरेना. तीन आठवड्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सेंटरवर एमआरआय काढला. साडेसहा हजार रुपये. सोयाबीनच्या पैशातून गेले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली, दोन पानं. फ्रॅक्चर नाही. मुख्य लिगामेंट शाबूत. गादीत ‘ग्रेड २’ बदल. सांध्यात पाणी. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूला थोडा मार, ‘विशेष अर्थ नाही’. वाटी, जागेवर, नॉर्मल.

दवाखान्यांची, सेंटरची नावं घेणार नाही. कमेंटमध्येही कोणी अंदाज बांधू नका. एका माणसाला झोडून हा प्रश्न सुटत नाही, उलट झाकला जातो.

तो रिपोर्ट घेऊन पोरगं माझ्याकडे आलं. घरात इंग्रजी वाचणारा मामा मीच ना! मी चष्मा लावला, ‘नॉर्मल’ हा शब्द शोधला आणि ऐटीत म्हणालो, "काही नाही रे. नॉर्मल आहे. भीती काढ डोक्यातून. पळ."

तो पळाला. सात आठवड्यांनी मैदानावर वळताना वाटी पुन्हा निखळली. ह्यावेळी लवकर बसलीही नाही.

आता पुढचं ऐका. छत्रपती संभाजीनगरला एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी फाईल पुढे केली. त्यांनी रिपोर्टला हातच लावला नाही. म्हणाले, "सीडी आहे का?" आणि पोराकडे वळून विचारलं, "पडलास कसा? वाटी कोणत्या बाजूला गेली होती?" दोन मिनिटांचं बोलणं. मग सीडी लावली. पहिलीच सीडी बरं का, साडेसहा हजारवाली. नवीन काही काढलं नव्हतं.

आणि पडद्यावर सगळं होतं! वाटीच्या आतल्या कडेला मार. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर मार. वाटीला आतून धरून ठेवणारी पट्टी तुटलेली. सांध्यातल्या पाण्यात वाटीच्या कूर्चेचा, हाडाची पापडी चिकटलेला सुटा तुकडा. ज्या खोबणीत वाटी सरकते, ती खोबण उथळ. सगळं पहिल्या दिवसापासून त्या चित्रात होतं. चित्र खोटं बोललं नव्हतं. चित्र कोणी वाचलंच नव्हतं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हा तुकडा तेव्हाच कळला असता तर जागेवर बसवायचा प्रयत्न करता आला असता. आता कडा झिजल्यात. काढूनच टाकावा लागेल."

घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही.

मित्रांनो, हा विषय तुम्हाला डॉक्टरी वाटेल, पण तो समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. कळमनुरीच्या रस्त्यावर रात्री अपघात झाला आणि मी सकाळी फोटो काढायला पोचलो. तोवर ट्रक क्रेनने हलवलेला, रस्ता मोकळा, वाहतूक सुरळीत. मी फोटो काढून बातमी दिली, ‘रस्ता नॉर्मल, अपघात झालाच नाही’, तर संपादक मला ठेवतील का? चांगला वार्ताहर काय बघतो? डांबरावर टायर घासल्याच्या खुणा, काचेचा चुरा, वाकलेला कठडा. त्या खुणांवरून ट्रक कुठून आला, कुठे धडकला, सगळं सांगता येतं.

निखळलेल्या वाटीचं अगदी असंच आहे. वाटी बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूलाच निखळते आणि बऱ्याचदा पाय सरळ करताच आपोआप जागेवर येते. दवाखान्यात पोचेपर्यंत ट्रक हललेला असतो. पण जाता-येता तिची आतली कड मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर आपटते. दोन्ही ठिकाणी हाडाच्या आत मुका मार बसतो. एक्स-रेत तो दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो आणि कित्येक आठवडे टिकतो. वाटीच्या आत एक खूण, समोर हाडाच्या बाहेर दुसरी. ही जोडी दिसली की जाणकार लगेच म्हणतो, वाटी निखळून परत बसलेली आहे. मधलं मोठं लिगामेंट तुटतं तेव्हाही हाडांना मार बसतो, पण तिथे दुसरी खूण खाली, नडगीच्या हाडाच्या मागच्या बाजूला असते. म्हणजे मार किती आहे ह्यापेक्षा कुठे आहे, त्यात खरी बातमी आहे. आमच्या रिपोर्टात एका खुणेचा उल्लेख होता आणि पुढे शेरा, विशेष अर्थ नाही!

‘वाटी जागेवर, नॉर्मल’ ह्या ओळीचंही तसंच. एमआरआयमध्ये माणूस आडवा, पाय जवळजवळ सरळ, स्नायू सैल. वाटी तेव्हा जागेवर दिसली तर त्यात नवल काय? चोर कोठडीत शांत बसलाय म्हणून तो चोर नाही, असं कोणी म्हणतं का? वाटी पळते ती पळताना, वळताना. तिच्या अस्थिरतेचा अंदाज दुसऱ्या गोष्टींवरून बांधावा लागतो आणि त्या सगळ्या मोजता येतात.

पहिली, खोबण किती खोल. मांडीच्या हाडाच्या टोकाला वाटीसाठी खाच असते. कुणाची जन्मतः सपाट असते, पन्हाळीऐवजी पाट असावा तशी. पाटावरची वाटी घसरणारच.

दुसरी, वाटी किती उंच बसलीय. वाटीची लांबी आणि तिच्याखालच्या दोरीची लांबी ह्यांचं प्रमाण काढतात. साधारण १.२ च्या वर गेलं की वाटी उंच धरतात. उंच वाटी खोबणीत उशिरा शिरते, म्हणून आधीच सटकायला मोकळी.

तिसरी, दोरी कुठे बांधलीय. खोबणीचा तळ आणि नडगीवरचा दोरीचा खुंटा ह्यांच्यातलं आडवं अंतर. ह्याला टीटी-टीजी म्हणतात. २० मिलिमीटरच्या वर गेलं की धोक्याचं मानतात, १५ ते २० म्हणजे उंबरठ्यावर. बैल एका बाजूला आणि खुंटा दुसऱ्या बाजूला असला की दावं तिरकं ओढणारच.

चौथी, आतली पट्टी. एमपीएफएल म्हणतात तिला. वाटीला बाहेर जाऊ न देणारा हाच मुख्य लगाम. पहिल्यांदा वाटी निखळते तेव्हा तो बहुतेक वेळा तुटतो किंवा ताणला जातो.

आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची, सुटा तुकडा आहे का. कारण बाकीच्या गोष्टींना वेळ देता येतो, ह्याला नाही.

ह्या पाच गोष्टी. आमच्या दोन पानी रिपोर्टात ह्यातली एकही मोजलेली नव्हती. उंच वाटी नाही, असंही लिहिलेलं नव्हतं. विषयच नव्हता. का नव्हता, ते मी शोधलं. एमआरआयला पाठवताना जी चिठ्ठी दिली होती, तिच्यावर दोनच शब्द होते, गुडघा दुखतो. बस्स! कसं लागलं, कधी लागलं, वाटी सरकली का, आधी कधी झालं का, काही नाही. ती चिठ्ठी तंत्रज्ञाने घेतली, चित्रं काढली, चित्रं इंटरनेटवरून कुठल्या तरी शहरात गेली, तिथे कुणीतरी रात्री शेकडो चित्रांच्या ढिगात ती उघडली आणि ठरलेल्या साच्यात उत्तर पाठवलं. त्या माणसाने पोराचा चेहरा पाहिलेला नाही, पोराने त्याचा नाही. रिपोर्टखाली सही होती, पण शंका विचारायला फोन नंबर नव्हता.

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. काय, कुठे, कधी, कोण, का, कसं. ह्याशिवाय बातमी होत नाही. मग चिठ्ठीत ह्यातलं काहीच नसताना रिपोर्ट होतो कसा?

एक्स-रेचीही तीच गत. गुडघ्याला मार लागला की आपल्याकडे समोरून एक फोटो काढतात. समोरून बघितलं तर वाटी मांडीच्या हाडावर झाकली जाते, धड दिसत नाही. बाजूने काढलेला फोटो हवा, त्यात वाटीची उंची कळते. आणि पेशंटला उताणं झोपवून आडव्या किरणाने तो काढला तर आणखी एक गोष्ट कळू शकते. हाडातली चरबी रक्तावर तरंगते, वरणावर तुपाचा तवंग यावा तशी रेघ दिसते. ती रेघ दिसली तर समजावं, सांध्याच्या आत काहीतरी फुटलंय. तिसरा फोटो, गुडघा वाकवून वाटीच्या रेषेत काढायचा, ‘स्कायलाइन’ म्हणतात. त्यात वाटी आणि खोबण समोरासमोर दिसतात, कौलारू घर पाखाडीच्या बाजूने बघावं तसं. नवीन मशीन लागत नाही. तेच मशीन, तोच तंत्रज्ञ, फक्त पाय वेगळा ठेवायचा. पेशंटला वाकवता येईल तेव्हा काढायचा. पण चिठ्ठीवर लिहिलं तरच काढणार ना!

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या सगळे एमआरआय सेंटरकडे पळाल आणि मी त्यांचा एजंट ठरेन. रिपोर्टात जास्त दिसणं हाही धोकाच आहे. आमच्या रिपोर्टातला तो ‘ग्रेड २’ बघा. गादीच्या आत थोडी चमक आहे, पण ती पृष्ठभागापर्यंत पोचलेली नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे गादी फाटलेली नाही. तरी ‘ग्रेड २’ वाचून किती जण घाबरून ऑपरेशनची चौकशी करत फिरतात! आमच्या गल्लीत दोन जण आहेत. काही लोकांच्या वाटीचा वरचा बाहेरचा कोपरा जन्मतःच वेगळा असतो, हाडं जुळलेलीच नसतात. टेनिसचा अँडी मरे, त्याची वाटी तशी आहे, त्याने स्वतः सांगितलंय. न जाणणारा तिला फ्रॅक्चर म्हणून प्लास्टर घालेल. आणि टीटी-टीजी २१ आला म्हणून लगेच कापाकापी असंही नाही. पहिल्यांदा वाटी निखळली, सुटा तुकडा नाही, तर बहुतेकांना पट्टा, बर्फ, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि धीर, एवढ्यावरच ठेवतात. वारंवार निखळली की मग पट्टी नवी बांधायचा विचार. आकडा माणसाला जोडून वाचायचा असतो. हात लावून, वाटी हळूच बाहेर ढकलून पेशंट दचकतो का हे बघून, मग चित्र. आपल्याकडे उलटं झालंय. चित्र आधी, माणूस कधीच नाही.

अमेरिकेतल्या फुटबॉलचा एक मोठा खेळाडू आहे, पॅट्रिक महोम्स. ऑक्टोबर २०१९ मध्ये भर सामन्यात त्याची वाटी निखळली. मैदानावरच बसवली, दुसऱ्या दिवशी एमआरआय, तज्ज्ञांनी वाचला, मोठं नुकसान नाही असं पक्कं कळलं. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा मैदानात होता आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या संघाने तिथलं सर्वोच्च विजेतेपद मिळवलं. मी म्हणत नाही की आपल्या पोरांनीही तीन आठवड्यांत पळावं. प्रत्येक गुडघा वेगळा. मी एवढंच म्हणतो, तो पळाला तेव्हा त्याच्या चित्रात काय आहे हे कुणाला तरी नक्की माहीत होतं. माझा भाचा पळाला तेव्हा फक्त त्याच्या मामाला ‘नॉर्मल’ हा शब्द वाचता येत होता.

कोणी म्हणेल, हा मागास जिल्हा, इथे एवढं कुठून आणायचं? थांबा. १ मे १९९९ ला आपण परभणीतून वेगळे झालो. हा जिल्हा आता पोरगा राहिलेला नाही, भरतीच्या वयाचा झालाय! औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो उभं राहतंय. २६०० कोटींचा प्रकल्प, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केला. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि काम काय, तर प्रोटॉनच्याही हजारपट लहान हालचाल टिपायची. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं धडकली, त्याचा थरथराट औंढ्यात कळणार. मला अभिमान आहे, मी त्यावर लेख लिहिलेत. पण तिथून पंचवीसेक किलोमीटरवर राहणाऱ्या पोराच्या गुडघ्यातली बोटभर सरकलेली वाटी चार महिने कळत नाही, ह्याची लाज पण वाटू द्या थोडी.

लायगोवाल्यांकडून शिकायचं एकच आहे. तिथे यंत्राइतकीच किंमत यंत्राने पाठवलेली खूण वाचणाऱ्याला आहे. आलेली प्रत्येक खूण तपासतात. खरी की ट्रक गेल्याची थरथर, हे आधी ठरवतात. आपल्याकडे यंत्राचं उद्घाटन होतं, वाचणाऱ्याचं होत नाही.

आणि इथे आम्ही पत्रकार सापडतो. ‘अत्याधुनिक मशीन दाखल, रुग्णांची गैरसोय टळणार’, ह्या मथळ्याच्या किती बातम्या मी स्वतः दिल्या असतील! नारळ, फीत, नेत्यांचा फोटो, मशीनची किंमत. एकदाही विचारलं नाही की, साहेब, हे चालवणार कोण, वाचणार कोण, रात्री वाचणार कोण, तो रजेवर गेला तर कोण? मशीनच्या फोटोत मशीन वाचणारा माणूस कधीच नव्हता आणि मला ते खटकलं नाही. म्हणून म्हणालो, पहिला गुन्हेगार मी.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. देशात लाखामागे साधारण एक रेडिओलॉजिस्ट, असं ढोबळ गणित नेहमी सांगितलं जातं. त्या गरिबीच्या गणितानेही आपल्याला अकरा-बारा हवेत. किती आहेत, तुम्हीच बोटांवर मोजा. २०२४ मध्ये आपल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, १०० जागांचं. फार मोठी गोष्ट आहे. पण महाविद्यालय म्हणजे इमारत नव्हे. तिथे रेडिओलॉजी विभागात पुरेशी माणसं कायमची बसली, तरच ह्या जिल्ह्याची चित्रं ह्या जिल्ह्यात वाचली जातील.

एक डॉक्टर मित्र माझ्यावर चिडला. म्हणाला, "तू ओपीडीत एक दिवस बसून बघ. रांग दारापर्यंत असते, प्रत्येकाची कबड्डीची कहाणी ऐकत बसू का?" त्याचं खरं आहे. तो दमलेला माणूस आहे, शत्रू नाही. पण मग कहाणी छापील करा ना! चिठ्ठीवर चार रकाने. कसं लागलं? वाटी सरकल्यासारखी वाटली का? लगेच सूज आली का? आधी कधी झालंय? रांगेतच नर्सताई किंवा तंत्रज्ञ भरून घेतील. अर्धं मिनिट लागतं. आमच्या पोराचं अर्धं मिनिट वाचवलं आणि अर्धं वर्ष गेलं.

दुसरे म्हणतात, आता एआय येणार, यंत्रच वाचणार. येऊ द्या. पण त्याच्याही हातात ‘गुडघा दुखतो’ एवढीच चिठ्ठी दिली, तर तेही साच्यातलंच उत्तर देईल, फक्त जास्त वेगाने.

पैशाचं बोलू. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आता सगळ्यांना आहे. चांगलं आहे. पण ती योजना मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. निदानासाठी नुसता एमआरआय काढायचा, तर खिशात हात घालावा लागतो. म्हणजे गुडघा पुरता बिघडून ऑपरेशनला आला की सरकार मदत करणार आणि बिघडू नये म्हणून वेळेत बघायचं तर साडेसहा हजार तुमचे. विहीर पडल्यावर पंप देण्यातला प्रकार आहे हा.

म्हणून माझ्या मागण्या. पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी, वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता, सगळ्यांना लेखी देतोय, इथेही मांडतो:

१) गुडघ्याला मार लागलेल्या पेशंटचा एक्स-रे कमीत कमी समोरून आणि बाजूने. वाटीची शंका असेल तर स्कायलाइनही. त्यासाठी एक रुपया जास्तीचा निधी लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

२) एक्स-रे, एमआरआयच्या चिठ्ठीवर दुखापतीचे चार रकाने सक्तीचे. कोरी चिठ्ठी परत.

३) रिपोर्ट बाहेरून येत असेल तर वाचणाऱ्याचं नाव, पात्रता आणि डॉक्टरला बोलता येईल असा नंबर त्यावर हवा.

४) रिपोर्टाच्या शेवटी मराठीत चार ओळी. काय सापडलं, काय सापडलं नाही आणि पुढे कुणाला दाखवायचं.

५) जिल्ह्यातल्या रेडिओलॉजिस्टच्या मंजूर पदांची आणि भरलेल्या पदांची यादी दर तीन महिन्यांनी जाहीर करा. लपवण्यासारखं काही नसेल तर अडचण काय?

६) शासकीय डॉक्टरने लिहून दिलेला एमआरआय दाखल न होताही योजनेत बसवा.

आणि मागण्या मान्य होईपर्यंत आपण काय करायचं, तेही सांगतो. कारण आपल्याला मागण्यांचा अनुभव आहे!

भरतीच्या पोरांनो, वाटी निखळली तर हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका. चोळून पट्टी जुळत नाही आणि तुकडा असेल तर तो आणखी फिरतो. पाय हलवू नका, आधार द्या, बर्फ लावा, दवाखाना गाठा. डॉक्टरला स्वतःहून सांगा, वाटी कोणत्या बाजूला गेली आणि कशी परत आली. विचारलं नाही तरी सांगा. लाजू नका. तासा-दोन तासात गुडघा फुगला असेल तर तेही सांगा, आत रक्त साठल्याची ती खूण असते.

रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला म्हणून काम झालं नाही. चित्रांची सीडी किंवा फिल्म मागून घ्या आणि जपून ठेवा. ती तुमची आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, दाखल झालेल्या पेशंटचे कागद तीन वर्षं जपायचे आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असं डॉक्टरांवर बंधन आहे. राज्याच्या २०२१ च्या नियमांत खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की भिंतीकडे बघा. नसेल तर विचारा. भांडू नका, हात उगारू नका. विचारा.

आणि माझ्यासारख्या मामांनो, काकांनो, शिकलेल्या भावांनो, इंग्रजी वाचता येणं म्हणजे रिपोर्ट वाचता येणं नव्हे. ‘नॉर्मल’ म्हणजे ‘विचारलेल्या प्रश्नात काही सापडलं नाही’. प्रश्नच विचारला नसेल तर ‘नॉर्मल’ला काडीची किंमत नाही.

भाच्याचं ऑपरेशन झालं. तुकडा काढला, मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन नवी पट्टी बांधली. बिल सांगत नाही, बहिणीने गळ्यातलं मोडलं एवढं सांगतो. सध्या तो भिंतीला पाठ लावून मांडीचा व्यायाम करतो, दिवसातून तीन वेळा, मोजून. ह्या वेळची भरती गेली. खुल्या प्रवर्गाला वयाची अट २८ ची. हातात वर्षं आहेत, पण मोजकी. तो कुणालाच दोष देत नाही. परवा फक्त म्हणाला, "मामा, तुमी पळ म्हणलात तवा मला भेव वाटायलतं. पर रिपोर्टात नॉर्मल होतं, मग मलाच वाटलं मी नाटक करायलो की काय."

तीन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. दुखणाऱ्या पोराला स्वतःच्या दुखण्यावर शंका यावी, एवढा आपण त्या कागदावर विश्वास ठेवला. म्हणून ही पोस्ट.

तुमच्याकडे असा अनुभव असेल तर खाली लिहा. दवाखान्याचं किंवा डॉक्टरचं नाव न घेता. किती एक्स-रे काढले, चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, रिपोर्ट कोणी समजावून सांगितला, एवढंच. सगळे एकत्र करून निवेदनाला जोडणार आहे. सोमवारी सकाळी ११ वाजता मी जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन घेऊन जातोय. ज्यांना यायचं त्यांनी या. घोषणा नाहीत, हार-तुरे नाहीत. फक्त आपापली सीडी सोबत आणा.